मार्गदर्शक तत्त्वे आणि कामाचा हक्क



भारताच्या संविधानाचा चौथा भाग वाचला की कोणाही सरळ माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. या भागाचे नाव 'राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे'. कायद्याच्या पुस्तकात 'निदेशक तत्त्वे' असाही शब्द आढळेल, अर्थ तोच. कलम ३६ पासून कलम ५१ पर्यंतचा हा भाग. राज्याने काय काय करावे ते यात सांगितले आहे. स्त्रीपुरुषांना पोटापाण्याचे पुरेसे साधन असावे, समान कामाला समान दाम असावा, मजुराला नीट जगता येईल एवढी मजुरी मिळावी, लेकरांना शाळा मिळावी, म्हातारपणी, आजारपणी आणि काम नसताना सरकारने हात द्यावा, गावोगाव पंचायती उभ्या राहाव्यात, लोकांचे पोषण सुधारावे, शेती आणि पशुपालन नव्या शास्त्राप्रमाणे चालावे. सारे कसे छान. परंतु याच भागात कलम ३७ म्हणते की, यांतील कोणतीही तरतूद कोर्टाकडून अंमलात आणवून घेता येणार नाही. मात्र ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आता हे कलम नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात कोणाला वाचून दाखवा. तो म्हणेल, "गुरुजी, कोर्टात दाद मांगता येत नाही, तं मंग हे लिवलं कायले?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मोठमोठ्या विद्वानांनीही घटना समितीत तोच विचारला होता.

त्याकडे वळण्यापूर्वी एक फरक ध्यानात घेऊ. संविधानाच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत. जातीच्या कारणाने सार्वजनिक विहिरीवर कोणी कोणाला अडवले, तर ते कलम १५ च्या विरुद्ध आहे. अस्पृश्यता तर कलम १७ ने नष्टच केली आहे. तेथे कोर्टाचा दरवाजा उघडा आहे. मूलभूत हक्क हे बहुतांशी 'असे करू नका' असे सांगतात. मार्गदर्शक तत्त्वे 'असे करा' म्हणतात. आणि करायचे म्हटले की पैसा लागतो, माणसे लागतात, वेळ लागतो. एखाद्याला विहिरीवरून हाकलू नका, या हुकमाला तिजोरी लागत नाही. प्रत्येक मुलाला शाळा द्या, याला लागते. न्यायाधीश हुकूम काढील, पण शाळेच्या भिंती काही हुकमाने उभ्या राहत नाहीत. घटनाकारांपुढे ही अडचण खरोखरीची होती.

दुसरी गोष्ट 'राज्य' या शब्दाची. राज्य म्हटले की आपल्याला मुंबई किंवा दिल्ली आठवते. संविधानात या शब्दाचा अर्थ पुष्कळ मोठा आहे. केंद्राचे सरकार आणि संसद, राज्याचे सरकार आणि विधिमंडळ यांच्याबरोबर स्थानिक संस्थाही त्यात येतात. म्हणजे जिल्हा परिषद आली, पंचायत समिती आली आणि आपली ग्रामपंचायतसुद्धा आली. मार्गदर्शक तत्त्वे पाळण्याचे कर्तव्य जसे मंत्र्याचे, तसेच ते सरपंचाचेही. ही गोष्ट निवडून आलेल्या पुष्कळ पंचांना कोणी सांगितलेलीच नसते.

आता घटना समितीत काय झाले ते पाहू. अशी तत्त्वे घटनेत घालण्याची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. तेथेही ती कोर्टाच्या कक्षेबाहेरच आहेत. आपल्याकडे नोव्हेंबर १९४८ मध्ये या भागावर चर्चा झाली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी बोचरी टीका केली. बँकेला जमेल तेव्हा ती पैसे देईल अशा चेकसारखी ही तत्त्वे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या वऱ्हाडातील जुन्या कापूस बाजाराच्या भाषेत सांगायचे तर ही हुंडी खरी, पण ना दर्शनी, ना मुदतीची!

यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर मननीय आहे. मतदानाने सत्तेवर कोण येईल हे घटना ठरवीत नाही, ते लोक ठरवितात. परंतु जो कोणी येईल त्याला मनाला येईल तसे वागता येणार नाही, या सूचनांचा मान त्याला राखावा लागेल. त्या मोडल्या तर कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे द्यावा लागेल. असा त्यांचा युक्तिवाद होता. बाबासाहेबांचे स्वतःचे मत तर याहून कडक होते. १९४७ साली लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी आर्थिक व्यवस्थेचा ढाचा घटनेतच पक्का बांधावा अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून जे पदरात पडले, त्यालाच त्यांनी मतदाराची ताकद जोडून दिली, असे मला वाटते.

त्याच सभागृहात आपल्या मुलखातला एक माणूस बसत होता. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडाकडून घटना समितीचे सभासद होते. शेतकरी आणि मागासलेले वर्ग यांची बाजू त्यांनी तेथे वारंवार मांडली. कास्तकाराच्या मुलाने शिकावे हे तत्त्व घटनेत लिहिले जाण्याची त्यांनी वाट पाहिली नव्हती. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी त्याआधी कितीतरी वर्षे उभी केली होती. पुढे १९५२ ते १९६२ या काळात ते देशाचे कृषिमंत्री होते.

बरे, मग या हुंडीचे झाले काय? सगळ्याच कलमांचा हिशेब सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. पंचायतीचे कलम ४० पुष्कळसे अंमलात आले. महाराष्ट्राचा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १९६१ साली झाला, १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली, आणि १९९३ पासून पंचायतींना संविधानातच पक्के स्थान मिळाले. जमिनीचे कूळकायदे आणि कमाल धारणेचा कायदा यांच्या मागेही हीच तत्त्वे उभी होती. परंतु दोन कलमांची कहाणी थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती एकमेकींच्या उलट आहे.

पहिली कहाणी शाळेची. शिक्षक बंधूंनी ही लक्षपूर्वक ऐकावी. कलम ४५ च्या मूळ शब्दांत एक विशेष होता. साऱ्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुदत घातलेले हे एकच कलम. संविधान सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. म्हणजे ही मुदतीची हुंडी होती! २६ जानेवारी १९६० ला ती वटायला हवी होती.

ती वटली नाही. शाळा पुष्कळ निघाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण खेड्यातील मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली, मुलगा गुरांमागे गेला, आणि मुदत आली तशी निघून गेली. कोर्टाला त्यात हात घालता येत नव्हता. अखेर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात या मुदत टळून गेलेल्या कलमाकडे बोट दाखवून सांगितले की, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा आता मूलभूत हक्कच मानला पाहिजे. त्यानंतर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण कलम २१-क म्हणून मूलभूत हक्कांत गेले. कलम ४५ मध्ये आता सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन आणि शिक्षण उरले आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दहा वर्षांच्या हुंडीला साठ वर्षे लागली.

या कायद्याचे गुरुजनांनी ध्यानी ठेवावे असे दोन मुद्दे येथेच सांगून टाकतो. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत घेणे नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरूनही नाकारता येत नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेलेल्या आईबापांचे मूल ऐन वर्षात परत येते, तेव्हा हे दोन मुद्दे आठवावे. आणि एखादे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर त्याला पहिलीत न बसवता वयाला योग्य त्या वर्गात बसवायचे असते व मागे राहिलेले शिकवून घ्यायचे असते. काम कठीण आहे खरे, पण कायदा तसा आहे.

दुसरी कहाणी कामाची, आणि ती आपल्या महाराष्ट्राची आहे.

कलम ४१ म्हणते की, राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत लोकांना कामाचा हक्क मिळवून देण्याची परिणामकारक तरतूद करावी. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द पाहा. यांना मी शहाणपण म्हणू की पळवाट? दोन्हीही आहे. ज्याला करायचे नाही त्याला 'क्षमता नाही' असे म्हणायला हे शब्द मोकळीक देतात. या कलमाला तर मुदतही नव्हती. कागदावर पाहिले तर शाळेच्या कलमापेक्षा हे कितीतरी कच्चे. तरीसुद्धा काम मागण्याचा हक्क महाराष्ट्रात कायदा होऊन आला, तो शाळेच्या हक्काआधी तीस वर्षे.

हे कसे घडले? कामाचा प्रश्न वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायला नको. आमची शेती बहुतेक कोरडवाहू, एका पावसावर एक पीक. मृगात पेरणी, श्रावण-भाद्रपदात निंदण-डवरण, दिवाळीच्या सुमारास वेचणी. कापसाची उलंगवाडी झाली की वावरात काम संपते. मग फाल्गुनापासून पुन्हा मृग लागेपर्यंत मजुराच्या घरी हात आहेत पण हाताला काम नाही, अशी अवस्था. त्यात पाऊस रुसला तर बोलूच नका.

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातही हेच दुःख. तेथील विसापूरचे वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातील जो कोणी अंगमेहनत करायला तयार आहे, त्याला काम देण्याची हमी सरकारने घ्यावी, असा विचार त्यांनी मांडला आणि १९६५ च्या सुमारास तासगाव भागात त्याचा प्रयोगही करून पाहिला. १९७२ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने रोजगार हमीची योजना हाती घेतली. नाईकही आपल्या वऱ्हाडचेच, पुसद तालुक्यातील गहुलीचे. तोच भयंकर दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणारे हात, डोईवर टोपली घेतलेल्या बाया, झाडाला बांधलेल्या झोळीत लेकरू. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना 'बहात्तरचा दुष्काळ' एवढे शब्द पुरतात.

दुष्काळाने दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, लोकांना फुकटचे धान्य नको होते. काम मिळाले की ते येत होते. दुसरी, सरकारने मनावर घेतले तर एवढ्या माणसांना काम देता येत होते. 'क्षमता नाही' हे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

पण पैसा? येथे महाराष्ट्राने एक धीट गोष्ट केली. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून कर घ्यायचा आणि त्यात सरकारने तेवढीच भर घालून खेड्यातील मजुराला काम द्यायचे. गुरुजी, आपल्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, त्यांची मूळ कथा ही आहे.

पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे प्रजासत्ताक दिनी, लागू झाला. या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की, संविधानाच्या कलम ४१ मध्ये सांगितलेला कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी हा कायदा आहे. कोर्टात न चालणारे तत्त्व असे कायद्यात उतरले, आणि कायद्यात उतरल्यावर ते कोर्टातही चालू लागले. घटनेतील ओळ आणि मजुराची मजुरी यांच्यामध्ये कायद्याची पायरी लागते. ती बांधणे विधिमंडळाचे काम, आणि ती बांधून घेणे मतदारांचे.

कायद्याचा नियम साधा होता. प्रौढ माणसाने नाव नोंदवायचे, काम मागायचे. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे. निदान पन्नास मजूर तयार असले तर नवे काम काढायचे. मजुरी कामाच्या मोजमापावर, त्यामुळे बाईने खोदलेल्या घनमीटरला आणि बाप्याने खोदलेल्या घनमीटरला दर एकच. समान कामाला समान दाम हे कलम ३९ मधले तत्त्व, तेही अशा वाटेने गावच्या खाणीवर आणि नाल्यावर पोचले. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. आरंभी तो दिवसाला एक रुपया होता. रक्कम तुटपुंजी, आणि ती मिळालेला मनुष्य विरळाच. पण 'काम नाही' असे सांगितले तर सरकार देणेकरी ठरते, एवढी गोष्ट त्या रुपयाने कबूल केली.

या योजनेतून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, विहिरी झाल्या. १९९० पासून फळबागांची जोड मिळाली. दोषही थोडे नव्हते. हजेरीपटावर खोटी नावे चढली, कोठे मजुरी महिनोन् महिने रखडली, कोठे मोजमापात माती कमी भरली, कोठे अर्धवट रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला. हे झाकण्यात अर्थ नाही. पण दोष दाखवणारा मजूर 'माझा हक्क' म्हणून भांडत होता, 'मायबाप सरकार' म्हणून हात जोडत नव्हता. हा फरक मला लहान वाटत नाही.

महाराष्ट्राचे पाहून देशाने ते उचलले. संसदेने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो देशातील पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी त्यात दिली होती. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेण्यासाठी संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस एकशे पंचवीस केले आहेत. मात्र पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्षात एकूण साठ दिवस कामे थांबवण्याची तरतूद आहे, खर्चातील राज्याचा वाटा वाढवला आहे, आणि केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसायचा आहे. म्हणजे 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे जुने शब्द पुन्हा आपल्या समोर येऊन उभे राहिले आहेत. कापसाच्या वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून कास्तकाराला हा खंड बरा वाटेल, मजुराला तो खटकेल. एकाच गावात, कधी कधी एकाच घरात, ही दोन्ही मते असतील. त्यावर गावात बोलणे व्हावे.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. कायदे बदलतात, नमुन्यांचे आकडे बदलतात, पण अनुभवाने सिद्ध झालेली एक रीत बदलत नाही. काम तोंडी मागू नये. तोंडी मागणीला तारीख नसते, आणि तारीख नसली की पंधरा दिवस कोठून मोजायचे? मागणी कागदावर लिहून द्यावी. त्यात सर्वांची नावे, किती दिवस काम हवे आणि कोणत्या तारखेपासून, हे लिहावे. ग्रामपंचायतीतून तारीख घातलेली, सहीची पोच घ्यावी आणि ती शिधापत्रिकेबरोबर घरात जपून ठेवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज गावच्या गुरुजींनी लिहून द्यावा; अर्धा तास लागतो. आणि गावात कोणती कामे काढायची याची यादी ग्रामसभेपुढे यावी लागते. ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरते. उलंगवाडीनंतरच्या कामांची यादी हवी असेल तर ती गोष्ट २ ऑक्टोबरच्या सभेत, कापूस फुटण्याच्या वेळीच, काढलेली बरी.